उसन्या रक्ताला कोंब फुटत नाही

"मागच्या चार महिन्यांत कुणाचं रक्त चढवलं होतं का?"

बोटाला सुई टोचायच्या आधी हा प्रश्न मी नोकरीभर विचारला. उत्तरं मात्र नाना तऱ्हेची मिळाली. "रक्त नाई जी, सलाईन लावली होती, पिवळी." "तसं काई नाई, पण सासू रोज पेते." मुलचेऱ्याकडची एक म्हातारी तर म्हणाली, "चढवलं कोणीच नाई बाई, ढेकणाईनं उतरवलं तेवढं." सगळी रांग हसली. मी हसले नाही, कारण उत्तर अजून मिळालेलंच नव्हतं. मी पुन्हा विचारलं. लोकांना वाटायचं, बाई डोकं खाते. खाल्लं मी डोकं, आणि त्याचा मला बिलकूल पस्तावा नाही.

मी सिकलसेलच्या तपासणीत लॅब टेक्निशियन होते. आता निवृत्त होऊन गडचिरोलीत राहते. बस स्टँडवर अजून कुणी ना कुणी ओळखतं. मागे एक बाई मला पाहून लेकराला म्हणाली, "हात लपव रे, रक्तवाली बाई आली." पद्मश्री काही मिळाली नाही, पण हे नाव मिळालं, आणि ते मला आवडतं.

आता हा धंदा काय होता ते सांगते. घाबरू नका, मी बारावीची जीवशास्त्राची ताई नाही.

मी मूळची सिंदेवाहीची. आमचे बाबा तिथे धानाच्या संशोधन केंद्रावर मजुरीला होते. बियाण्याच्या बांदीत, म्हणजे धानाच्या खाचरात, एका जातीचं धान लावायचं आणि त्यात दुसऱ्या जातीचं चुकार रोप दिसलं की उपटून टाकायचं, हे त्यांचं काम. बाबा म्हणायचे, "पोरी, धान खोटं बोलत नाई. जे पोटात हाय तेच पुढच्या सालाले देते." आनुवंशिकता म्हणजे काय, हे मी कॉलेजात जाण्याआधी बांदीच्या धुऱ्यावर, बांधावर बसून शिकले.

धानाच्या पोटात असतं तेच आपल्या पेशीच्या पोटात असतं. दोन पेडांची एक लांबलचक दोरी. तिला डीएनए म्हणतात. त्या दोरीवर चारच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात: ए, टी, सी आणि जी. त्यांची सोयरीक ठरलेली. ए समोर टीच बसणार, सी समोर जीच बसणार. आमच्याकडे गोंड-माडियांच्या घरांत कोणत्या देवाच्या घरची मुलगी कुठे देता येते आणि कुठे नाही हे जसं पक्कं असतं, तसंच हेही पक्कं.

पेशीला एकाच्या दोन व्हायचं असलं की हे दोन पेड उलगडतात. एक पेड इकडे, एक तिकडे. मग प्रत्येक पेड आपापल्या अक्षरांसमोर ठरलेला जोडीदार बसवत जातो. झाल्या दोन दोऱ्या. दोन्हींत एक पेड जुना, एक नवा, आणि मजकूर तोच. नक्कल करणारी यंत्रणा इतकी काटेकोर की मागे वळून आपलंच काम तपासते, चुकलेलं अक्षर काढून बरोबर बसवते. आमच्या ऑफिसात असा एक माणूस मिळाला असता तर माझी नोकरी सुखात गेली असती.

पण कधीतरी, फार पिढ्यांमागे, एक अक्षर निसटलं. रक्तातला लाल रंग कसा बनवायचा ते जिथे लिहिलेलं असतं, तिथे एकाच ठिकाणी ए च्या जागी टी आला. तपासणाऱ्याच्या नजरेतून तो सुटला, आणि त्यानंतर त्याचीही नक्कल तितक्याच इमानदारीनं होत गेली. बापाकडून लेकाला, लेकाकडून नातीला. नक्कल करणाऱ्याला चूक आणि बरोबर यातला फरक कळत नाही, त्याला फक्त जसंच्या तसं उतरवणं कळतं.

हा मजकूर प्रत्येकाजवळ दोनदा असतो, एक आईकडून आलेला, एक बापाकडून आलेला. एकात चूक असली तर माणूस वाहक. त्याला काही होत नाही, तो बांदीत राबतो, लग्नात नाचतो, म्हातारा होतो. उलट हिवतापाच्या मुलखात अशा लेकराची तापातून वाचायची शक्यता जरा जास्तच असते, म्हणूनच तर ही चूक आमच्या जंगलात टिकून राहिली. दोन्हींत चूक असली तर मात्र माणूस सिकलसेलचा रोगी. त्याच्या लाल पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडं अशी दुखतात की लेकरू भिंतीला नखं लावतं. ते रडणं मी ऐकलेलं आहे. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

वाहकाला आम्ही पिवळं कार्ड द्यायचो, रोग्याला लाल. पिवळ्याचं पिवळ्याशी लग्न लागू नये, एवढ्यासाठी सगळी धडपड. लागलंच तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका. हे "प्रत्येक" फार महत्त्वाचं. एका जोडप्याला कुणीतरी सांगितलं होतं की चारांतलं एकच लेकरू आजारी निघते. त्यांचं पहिलं आजारी निघालं, तर ते बिचारे निश्चिंत झाले, की झालं एकदाचं, आता पुढचे तीन चांगले. दुसरंही आजारी निघालं. ती बाई मला म्हणाली, "बाई, आमचा नंबर तं लागून गेला होता ना?" दोरीला मागचा हिशेब आठवत नाही, हे तिला मला सांगावं लागलं. ते दुःख अजून आहे.

पिवळ्या कार्डाची भीती मात्र रोगापेक्षा मोठी होती. एका नवरदेवानं भीतीपोटी आपल्या जागी दोस्ताला बोट टोचायला पाठवलं. आता तो दोस्तच वाहक निघाला. नवरदेवाच्या नावावर पिवळं कार्ड आलं आणि सोयरीक मोडायची वेळ आली, तेव्हा तो धावत आला, "म्याडम, ते रक्त माह्यं नोहे." मी म्हटलं, "मग तुझं कुठे गहाण ठेवलंय ते घेऊन ये." त्याचं साफ निघालं. दोस्त मात्र फुकटात सापडला.

हे झालं हसण्यावारी. मुलींचं मात्र हसण्यावारी जात नसे. ज्या गावाची गोष्ट सांगणार आहे, तिथेच एका पिवळ्या कार्डाच्या सुनेला माहेरी आणून सोडलं होतं. तिला कसलाच आजार नव्हता. पण गाव तिला "दुखणेवाली" म्हणू लागलं आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

त्याच गावची मैना. बाप लहानपणीच गेलेला, आई आणि बापाकडचा आजा यांनी वाढवलेली. आजा चैतू गावचा भूमिया, म्हणजे गावचे देव सांभाळणारा माणूस. पेरणीचा मुहूर्त असो की सोयरीक, त्याच्या शब्दाशिवाय गावात काही हलत नसे. मैनाची सोयरीक त्यानंच ठरवली होती, शेजारच्या गावच्या दिवाकरशी. दिवाकर काळीपिवळी टॅक्सी चालवायचा. पोरापोरीचं आधीपासून जमलेलं होतं, हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं आणि ते ठाऊक नसल्याचं सोंग तो झकास करायचा.

मोहफुलांच्या दिवसांत मैना पहाटे फुलं वेचायला गेली आणि रानडुकरानं तिची मांडी फाडली. दिवाकरनं तिला आपल्याच गाडीत घालून दवाखान्यात आणलं. गाडीची मागची सीट पार रक्तानं भिजली होती. तिच्या गटाचं रक्त शिल्लक नव्हतं. दिवाकरचा गट जुळला. त्यानं बाही वर केली आणि पोरगी वाचली.

डॉक्टरांनी तिची सिकलसेलची तपासणी लिहून दिली. मी कागद परत केला. "आत्ता तिच्या अंगात उसनं रक्त आहे, उत्तर अर्धं तिचं आणि अर्धं त्याचं येईल," मी सांगितलं. मैनालाही म्हटलं, पाणीपाऊस सरला की ये.

ती आली. आता ही तपासणी कशी असते ते पाहा. काचेच्या छोट्या नळीत औषधाचं पाणी घ्यायचं, त्यात बोटाच्या रक्ताचा थेंब सोडायचा, हलवायचं आणि काही मिनिटं थांबायचं. मग नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर साफ. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकलसेल आहे. वाहक की रोगी हे मग मोठ्या लॅबमधल्या तपासणीत कळतं. मैनाची नळी गढूळ झाली. पुढच्या तपासणीत ती वाहक निघाली. आईची नळी साफ होती, दिवाकरचीही साफ. मी मैनाला एकटीला बसवून सांगितलं, "दिवाकर साफ आहे. तुमचं एकही लेकरू आजारी होणार नाही. झालं तर तुझ्यासारखं वाहक होईल. बिनधास्त लग्न कर."

ती म्हणाली, "दिवाकरले सांगीन मी. पण आजाले नका सांगू जी."

मी म्हटलं, तुझं रक्त, तुझी गोष्ट. आमच्या धंद्याचा हा पहिला नियम.

थोड्या दिवसांनी ती आईला घेऊन पुन्हा आली, डोळे सुजलेले. मला वाटलं, कार्डाचं कळलं. पण नाही. आजानं लग्नच मोडलं होतं, आणि कारण ऐकून मी खुर्चीत मागे टेकले.

दुसऱ्या दिवशी मी तपासणीची पिशवी घेऊन गावात गेले. चैतू आजा अंगणात मोहाखाली बसला होता. गावची चार शहाणी माणसं होती. दिवाकर कुडाला टेकून दूर बसला होता, त्याला कुणी उठ म्हणत नव्हतं आणि ये म्हणत नव्हतं. आजानं मला बाज दिली, पाणी दिलं.

"बाई, तुमची गोष्ट आयकतो मी," तो म्हणाला, "पण आधी माही आयका. आम्ही सात देवाचे. दिवाकर सहा देवाचा. म्हणून सोयरीक झाली. एका देवाचे असते तं बहीणभाऊ झाले असते, लगन नसतं झालं. बरोबर? मंग त्यानं रक्त देल्लं. माह्या नातीचा जीव वाचवला, जलमभर नाई विसरत मी. पण आता त्याच्या घरचं रक्त इच्या आंगात हाय. तो इचा भाऊ झाला. भावासंगं लगन लावून देऊ का मी? देव काय म्हनन मले?"

दिवाकर जमिनीकडे पाहत होता. जीव वाचवला आणि त्यापायी नवरी गेली, अशी त्या पोराची गत झाली होती. शहरातल्या एखाद्यानं हे ऐकलं असतं तर हसला असता. मला हसू आलं नाही. बापजाद्यांच्या रिवाजात रक्ताच्या बाटलीची सोय कुठून असणार? म्हाताऱ्यानं आपल्या डोक्यानं विचार केला होता आणि त्याचा धागा सरळ होता. फक्त एक गोष्ट त्याला माहीत नव्हती.

"आजा," मी म्हटलं, "शेजाऱ्याकडून उसना तांदूळ आणून तुम्ही भात खाल्ला, तर पुढच्या साली तुमच्या बांदीत शेजाऱ्याचं धान उगवते का?"

"काऊन उगवन? तांदळाले का कोंब येते? धान लागते त्याले."

"तसंच हे. बाटलीतल्या लाल पेशी म्हणजे तांदूळ. त्यांच्या पोटात दोरीच नसते, बी नसते. चार महिने वापरल्या जातात आणि झिजून संपतात. त्यात थोड्या पांढऱ्या पेशी असतात बी असलेल्या, पण परक्या अंगात त्या तग धरत नाहीत. रक्त पिकवणारं धान हाडाच्या आत असते. ते मैनाचं मैनाजवळच होतं. दिवाकरचा तांदूळ खाऊन संपला. आता तिच्या अंगात आहे ते सगळं तिच्या बांदीतलं, तुमच्या घरचं."

म्हातारा बराच वेळ काडीनं मातीत रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "तांदळाचं समजलं मले. चांगलं सांगितलं तुम्ही. पण रक्त तांदूळ हाय हे कायच्यावरून? तुम्ही म्हनता म्हणून?"

मला हा माणूस तिथेच आवडला. नोकरीत इतकी भाषणं दिली, पण पुरावा मागणारा हा पहिला.

आणि पुरावा माझ्या पिशवीत होता. दिवाकरची नळी साफ येणार, मैनाची गढूळ. रक्त एक झालं असतं तर नळ्या सारख्या आल्या असत्या. रक्तगट दाखवून उपयोग नव्हता, तो दोघांचा आधीपासून सारखाच. नळीच हवी होती. पण ती नळी अंगणात धरणं म्हणजे मैना वाहक आहे हे अख्ख्या गावाला सांगणं. त्याच अंगणासमोरच्या घरात ती "दुखणेवाली" माहेरी बसलेली होती. लग्न सोडवणारी गोष्ट पोरीच्या कपाळावर डागही लावणारी. मी तोंड मिटून बसले. नियम म्हणजे नियम, आणि त्या दिवशी तो नियम मला फार जड गेला.

मैना दारात उभी होती. ती माझ्या पिशवीकडे पाहत होती. पोरगी हुशार, तिला सगळं कळलं होतं. ती खाली आली आणि माझ्यासमोर बसून तिनं बोट पुढे केलं.

मी हळूच म्हटलं, "विचार करून घे."

"केला जी. लपवून जाईन तं जलमभर भेवून राहीन. टोचा."

मी आधी दिवाकरचं बोट टोचलं, मग तिचं. दोन नळ्या, मागे रेघांचा कागद. दिवाकरच्या नळीतून रेघा लख्ख दिसल्या. मैनाची नळी ताकासारखी गढूळ झाली. मी दोन्ही नळ्या आजाच्या हातात दिल्या. त्यानं त्या उन्हात धरल्या, एक डोळा मिटून पाहिलं, अदलाबदल करून पुन्हा पाहिलं.

"एक नाई," तो म्हणाला.

"नाही. त्याचं रक्त तिच्यात राहिलं नाही."

"पण इचं असं काऊन?"

मैनाच बोलली. "तादो," ती आजाला म्हणाली, "मी पिवळ्या कार्डाची हाय. मले बिमारी नाई. पण ते माह्या रक्तात हाय. दिवाकरले ठाव हाय, तो तयार हाय."

अंगणात कुजबुज सुरू झाली. समोरच्या घराचं दार थोडं उघडलं. एकजण म्हणाला, "म्हणजे हे बी दुखणेवालीच..." आणि म्हाताऱ्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

"हे येते कुठून?" आजानं मला विचारलं.

"मायकडून नाहीतर बापाकडून."

मैनाची आई पुढे झाली. "माहं साफ हाय. बाईनं पाह्यलं हाय. सांगा तुम्ही."

बाप तर केव्हाच गेलेला. मग म्हाताऱ्यानं दिवाकरची नळी मला परत दिली आणि आपलं बोट माझ्यापुढे केलं. पंचाहत्तरीच्या आसपासचं, मुळासारखं कडक बोट.

मी म्हटलं, "आजा, तुमच्याकडून आलं असेल, नाहीतर आजीकडून. तुमचं साफही निघू शकते."

"निघन तं निघन. टोचा."

नोकरीत हजारो बोटं टोचली, पण नळी अमुकच यावी अशी इच्छा कधी धरली नव्हती. त्या दिवशी धरली. निम्मी शक्यता. साफ निघालं असतं तर पोरगी एकटी पडली असती आणि मी काही करू शकले नसते. थेंब नळीत सोडला, हलवलं, आणि थांबले. मग पाणी गढूळ होत गेलं, होत गेलं, आणि मागच्या रेघा एकेक करून बुडाल्या.

नळी त्याच्या हातात दिली. त्यानं ती नातीच्या नळीला लावून धरली. दोन्ही सारख्या. असं रक्त असलेलं लेकरू हिवतापातून वाचायची शक्यता जास्त असते, हे मी त्याला सांगितलं.

"माह्या पाठचे तीन भाऊ हिवतापानं गेले," तो म्हणाला, "मी एकटा उरलो. यानंच उरलो का जी मी?"

"असेल आजा. खात्रीनं नाही सांगता येत. पण असू शकते."

त्यानं मान हलवली. उठून उभा राहिला आणि त्या दोन नळ्या घेऊन एकेकासमोर गेला. प्रत्येकाला दाखवल्या. जो मघाशी बोलला होता त्याच्यापुढे जरा जास्तच वेळ धरल्या. "पाह्य," तो म्हणाला, "तुह्या पेरणीचा मुहूर्त इतक्या साला या गढूळ रक्तानं काढला. आता म्हण मले दुखणेवाला." त्या माणसानं मान खाली घातली. समोरच्या घरातली ती मुलगी आता उंबऱ्यापर्यंत आली होती. आजानं तिला हाक मारून जवळ बोलावलं आणि तिलाही नळ्या दाखवल्या. ती रडू लागली. माझेही डोळे भरले. मी पिशवी आवरण्याचं निमित्त केलं.

मग त्यानं दिवाकरची साफ नळी माझ्याकडून मागून घेतली आणि तिन्ही नळ्या हातात धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पोट्टी माह्याच घरची हाय. पोट्टा परका हाय. लगन लावा."

कुडाजवळचा दिवाकर उठून उभा राहिला. परका म्हटल्यावर इतका खूश झालेला माणूस मी सगळ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही.